पाय सोडून बाकी गोष्ट उत्तम

रविवारी सकाळी जावईबापू आनंदाची बातमी घेऊन आले. आमच्या घरात आनंदाची बातमी आली की मी आधी बायकोच्या हातातल्या कपाकडे बघतो. कप बशीत आदळला तर काही विशेष नसतं. आवाज न करता ठेवला गेला, तर मग काळजी.

जावईबापू गाद्या आणि पलंग बनवणाऱ्या एका कंपनीत जाहिरात खात्याचे प्रमुख आहेत. कंपनीचा नवा पलंग येत होता. बटण दाबलं की डोक्याकडून उठतो, पायाकडून वळतो, झोपणाऱ्याचं माप आपलं आपण घेतो आणि त्याला जुळवून घेतो. एवढं जुळवून घेणारं आमच्या नात्यात कुणी नाही. तर या पलंगाला नाव हवं होतं, आणि जावईबापूंनी ते खास सासूबाईंच्या विषयातून काढलं होतं. ग्रीक पुराणातून. त्यांनी ते नाव उच्चारलं. नाव जोडाक्षरांनी ठासून भरलेलं. त्यांनी पाठ करून आणलं होतं, तरी मधे एकदा पाय घसरलाच.

कप बशीत आवाज न करता ठेवला गेला.

माझी बायको कॉलेजात जुनी ग्रीक आणि लॅटिन शिकवते. तिला विद्यार्थी बाई म्हणतात, शेजारी बाई म्हणतात, आणि तीसएक वर्षांच्या संसारानंतर मीही बाईच म्हणतो. त्यात आदर किती आणि भीती किती हे मी कधी मोजायला गेलो नाही. या भाषा बोलणारी माणसं कधीच वारली, तेव्हा हिच्या धंद्यात तंटाबखेडा नसणार, असा लग्नाआधी माझा समज होता.

ज्याचं नाव पलंगाला द्यायचं होतं, तो ग्रीक पुराणातला एक वाटमाऱ्या. आमच्या घरात त्याला पलंगवाला म्हणतात, कारण खरं नाव माझ्या जिभेला झेपत नाही. हा पलंगवाला रस्त्याच्या कडेला राहायचा. दमलेला वाटसरू दिसला की आग्रह करकरून घरात न्यायचा, खाऊपिऊ घालायचा आणि आपल्या पलंगावर झोपवायचा. पाहुणा पलंगाहून आखूड निघाला, तर त्याला हातोड्यानं ठोकून लांब करायचा. लांब निघाला, तर बाहेर आलेले पाय कापून टाकायचा. त्यामुळे प्रत्येक पाहुणा त्या पलंगावर अगदी मापात बसायचा, हे खरं. शेवटी एक तरुण वीर त्या वाटेनं आला आणि त्यानं पलंगवाल्यालाच त्याच्या पलंगावर आडवा घालून तोच हिशेब चुकता केला.

जावईबापूंनी यातलं एकच वाक्य वाचलं होतं: की प्राचीन ग्रीसमध्ये असा एक यजमान होता, ज्याच्या पलंगावर प्रत्येक पाहुणा अगदी मापात बसे. पुढे त्यांनी वाचलं नव्हतं. त्यांच्या खात्याचा नियमच आहे की ग्राहक एका वाक्यापुढे वाचत नाही, आणि ग्राहक वाचत नाही ते खात्यानं वाचणं म्हणजे ग्राहकाशी नाळ तुटल्यासारखं.

बाई कुणालाही नापास करू शकते. एका वर्षी तिनं प्राचार्यांच्या सख्ख्या भाच्याला केलं होतं, आणि नंतर प्राचार्यांना पेपर दाखवून त्यांच्याकडूनही तो नापासच वदवून घेतला होता. पण जावई तो जावई. त्याला चूक म्हणायची सोय नाही. ती फार मऊ आवाजात म्हणाली, "नाव छान आहे. पुढचं वाचलंत का?"

"पुढचं काय असतं?" जावईबापूंनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

तिचा वैताग समजायचा तर तिच्याबरोबर एकदा बाजारापर्यंत चालत जायला हवं. कोपऱ्यावर व्यायामशाळा आहे. तिच्या काचेवर डोंगर चढवत दगड ढकलणारा एक पिळदार गडी रंगवलाय, आणि खाली 'थांबू नका' असं लिहिलंय. हा तो दगड जो माथ्यापाशी पोचला की गडगडत खाली येतो. देवांनी दिलेली ती शिक्षा आहे, आणि तिला शेवट नाही. बाई एकदा आत जाऊन हे सांगून आली. व्यायामशाळेचा मालक म्हणाला, म्हणून तर आम्ही वर्षाची वर्गणी एकदम घेतो. पुढे चष्म्याचं दुकान. त्याला एका डोळ्याच्या राक्षसाचं नाव. त्यापुढे सामान पोचवणारी कंपनी. तिला देवांच्या निरोप्याचं नाव, जो चोरांचाही देव होता. इथे मात्र बाईनं काही म्हटलं नाही. आपलं पार्सल दोनदा गेलंय, नाव चपखल आहे, एवढंच म्हणाली. आणि शेवटी पाळणाघर. दारावर ससे, फुगे, आणि त्यावर गोल गोल अक्षरांत ज्या बाईचं नाव, तिनं नवऱ्यावरच्या रागापायी स्वतःची दोन्ही मुलं मारली होती. पाळणाघरवाल्या ताईंना ते नाव कानाला गोड वाटलं. बायको तेव्हापासून पलीकडच्या फुटपाथनं जाते.

तर एरवी हा पलंगही तिनं पलीकडच्या फुटपाथनं टाळला असता. पण जावईबापूंच्या बातमीला शेपूट होतं. पलंगाच्या उद्घाटनाला कुणीतरी विद्वानानं येऊन या नावाबद्दल दोन चांगले शब्द बोलावेत, अशी मालकांची इच्छा होती. बोलले गेले, तर बाईंचा विभाग कंपनी आपल्या खर्चानं आणखी एक वर्ष चालवील.

हे ऐकून मात्र बाईनं बशीतला कप पुन्हा उचलला, आणि का ते मला ठाऊक होतं. प्राचार्यांनी विभाग या सत्राअखेर बंद करायचं ठरवलं होतं. खोलीही दिलेली होती: तिथे कर्मचाऱ्यांसाठी मनःशांती कक्ष होणार होता, कारण विभाग बंद व्हायला लागल्यापासून कर्मचाऱ्यांची मनःशांती बिघडली होती. विभागात विद्यार्थी तीन. एक निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर समोरच्याला तोंड उघडायला सांगून बोलू दिलं नाही म्हणून आता भाषा शिकतात. दुसरा वर्गात झोपायला येतो. आणि तिसरी उंच मुलगी. ती इतकी उंच आहे की आमच्या दारातून येताना सवयीनं मान वाकवते. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून, बापाशी भांडून ती या विषयाला आली. तिचं एक वर्ष राहिलं होतं. बाईच्या मते, तिला मिळालेल्या सगळ्या विद्यार्थ्यांत ही पहिली, जिला जुनी ग्रीक वाचताना हसू येतं, आणि तेही जिथे यायला हवं तिथेच. विभाग बंद झाला तर तिची पदवी गेली. प्राचार्य म्हणाले होते, काळजी नको, तिला आपण सामान्य परिचय अभ्यासक्रमात बसवून टाकू. थोडी वर्षं कापली जातील इतकंच.

"मी येते," बाई जावईबापूंना म्हणाली. "आधी मालकांना भेटते."

कंपनीत मी तिला सोडायला गेलो आणि आत ओढला गेलो. त्या कंपनीत सभा पलंगांवर भरतात. एका मोठ्या खोलीत पलंग गोलाकार मांडलेत. सगळ्यांनी बूट दाराशी काढायचे आणि आडवं होऊन चर्चा करायची. ही पद्धत मालकांच्या वडिलांनी घातली. माणूस आडवा झाला की आडवं बोलत नाही, असं ते म्हणायचे, आणि कापूस पिंजण्यापासून कारखान्यापर्यंत ते या एका वाक्यावर आले. ज्याला विरोध नोंदवायचा असेल त्यानं आधी आडवं व्हायचं, मग नोंदवायचा. त्यामुळे त्या कंपनीत फारसा विरोध झालेला नाही. जो होतो तो जांभईत जातो.

मालक वयस्क, अंगानं अगदी लहानखुरे, आणि फार सभ्य. पलंगावर ते पोस्टात ठेवलेल्या पाकिटासारखे दिसत होते. त्यांच्या डावीकडे जावईबापू, उजवीकडे जाहिरात खात्यातली एक चुणचुणीत मुलगी, आणि समोर बाहेरून बोलावलेले एक सल्लागार, ज्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. सल्लागारांना ते ठाऊक होतं, म्हणून ते तो अंगठा दुसऱ्या पायाखाली दडपत होते. मला पाठदुखी आहे. मी लगेच आडवा झालो. बाईनं एक स्टूल मागवलं आणि मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली. मालकांनी दोनदा विनंती केली. बाई म्हणाली, "मी उभ्यानं शिकवते. बसले हीच तडजोड."

मग तिनं गोष्ट सांगितली. सगळी: रस्ता, आग्रह, जेवण, पलंग, हातोडा, कुऱ्हाड आणि शेवटी तो तरुण वीर. ती वर्गात सांगते तशी, एकही शब्द न वाढवता. गोष्ट संपली तेव्हा कुठल्यातरी पलंगाची मोटर ऐकू येत होती.

जावईबापूंचा चेहरा उतरला होता, आणि मला त्यांची दया आली. पण जाहिरात खात्यातली मुलगी उशीवर कोपर टेकून अर्धी उठली. तिनं विचारलं, की ही सगळी गोष्ट त्या वीराच्या बाजूनं सांगितलीय ना? पलंगवाल्याची बाजू कुणी ऐकलीय का? बाई म्हणाली, ती सांगायला तो उरला नाही. मुलगी म्हणाली, तेच तर. एक माणूस अनोळखी वाटसरूंना घरात घेतो, खायला घालतो, स्वतःचा पलंग देतो. लहान-मोठा असा भेद त्याला सहनच होत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळे सारखे. म्हणजे मूळ विचार समतेचा आहे. अंमलबजावणीत चूक झाली.

सल्लागारांनी यावर आणखी एक थर दिला. त्यांच्या मते लहानपणी या माणसाला कुणीतरी लहान पलंगावर झोपवलेलं असणार. मी जागेवरूनच विचारलं, हे कुठे लिहिलंय का? ते म्हणाले, लिहिलेलं नाही, म्हणूनच ते खोल आहे.

बाईच्या पर्सची कडी उघडबंद होऊ लागली. मालकांनी ते पाहिलं असावं. ते दिलगिरीच्या सुरात म्हणाले, बाई, तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर. पण बघा, नावाचे फलक तयार झालेत. आपण मधला मार्ग काढू. मग त्यांनी जावईबापूंकडे पाहिलं, जावईबापूंनी सल्लागारांकडे, आणि सल्लागार फार समजूतदारपणे म्हणाले, "फक्त पाय काढून टाका. पाय सोडून बाकी गोष्ट उत्तम आहे."

"तो हेच करायचा," बाई म्हणाली.

सल्लागारांनी अंगठा आणखी आत दडपला. मला वाटलं, आता समजलं. पण त्या मुलीनं फोनवर पटकन काहीतरी टिपलं आणि म्हणाली, हे वाक्य छान आहे, कुठेतरी वापरता येईल.

घरी येताना बाई एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर सगळं एकदम बोलली. म्हणाली, मी या पोरांना दोष देत नाही, ही भुकेली आहेत. यांना जुनं काहीतरी हवंय. पण जुनं म्हणजे यांना फक्त नाव हवं, नावामागचा माणूस नको. माणूस हवा तर त्याचं पाप नको. पाप हवं तर ते लहानपणाच्या पलंगावर ढकलायचं. संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेकीचं म्हणणं, आई, एवढं काय, पलंगच तर आहे. तुझ्या जावयानं सहा महिने या नावावर घालवलेत. दोन चांगले शब्द बोलायला तुला काय जड जातं? बाईनं विचारलं, तू लहान असताना मी तुला ही गोष्ट सांगितली होती, आठवते का? लेक म्हणाली, आठवते, मी वर्षभर पाय पोटाशी घेऊन झोपत होते. बाई म्हणाली, बघ, तुला कळली होती.

दुसऱ्या दिवशी उंच मुलगी आली. तिला सगळं कळलेलं होतं; दंतवैद्यांच्या पोटात काही राहत नाही. दारात मान वाकवून ती आत आली, आणि माझी अपेक्षा होती की म्हणेल, माझ्यासाठी खोटं बोलू नका. ती हुशार होती. ती तसं काही म्हणाली नाही. ती म्हणाली, बाई, तुम्हीच शिकवलंत ना, की ही गोष्ट एकासारखी दुसऱ्यानं सांगितलेलीच नाही? एकजण म्हणतो पलंग एक, दुसरा म्हणतो दोन होते, एक लांब आणि एक आखूड. बुटका आला की लांब पलंगावर, उंच आला की आखूड पलंगावर, म्हणजे कुणीच सुटू नये. कुणी कुऱ्हाड देतो, कुणी करवत. त्याची नावंसुद्धा तीन-चार आहेत. त्या लोकांनीही आपल्या सोयीनं बदललंच. मग या कंपनीनं बदललं तर काय बिघडलं?

प्रश्न रास्त होता, आणि स्वतःच्या विद्यार्थ्यानं विचारलेल्या रास्त प्रश्नाइतका वैताग माणसाला दुसऱ्या कशानं येत नाही. बाई बराच वेळ खुर्चीच्या हातावरचा धागा ओढत राहिली.

"बदला ना," ती शेवटी म्हणाली. "पलंग दोन करा, दहा करा, कुऱ्हाडीची करवत करा. फक्त पाय कापला की रक्त येतं, एवढं राहू द्या. प्रत्येकानं तेवढं राहू दिलंय."

मुलीनं मान हलवली. मग म्हणाली, "मग तेवढंच बोला. आणि मी बरोबर येते. मला तो पलंग बघायचाय."

विभागाबद्दल, वर्षाबद्दल दोघीही बोलल्या नाहीत. चहा मात्र तिनं पूर्ण प्यायला, आणि जाताना मान वाकवायला विसरली. चौकटीचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

उद्घाटन कंपनीच्या दुकानात होतं. काचेचं मोठं दालन. पांढरे खांब उभारलेले, आतून पोकळ. मी एकावर टिचकी मारली तर तो डुगडुगला. पाहुण्यांना बसायला खुर्च्या नव्हत्याच, सगळीकडे पलंगच होते. पन्नासेक माणसं गाद्यांच्या कडांवर पाय सोडून बसली होती. दंतवैद्य उंच मुलीबरोबर आले होते. प्राचार्यही आले होते. ज्या विभागाला आपण बंद करतोय तो कुणी चालवायला घेत असेल, तर त्या आनंदात आपण असावं, असा त्यांचा स्वभाव आहे.

मधोमध दोन नवे पलंग. त्यातला एक बाईसाठी, कारण मालकांची अट कायम होती: बोलायचं तर आडवं होऊन. इथे स्टूल मिळालं नाही. बाई पलंगावर चढली, चपला काढल्या, पर्स पोटावर ठेवली आणि आढ्याकडे बघत आडवी झाली. इतक्या वर्षांत मी तिला चारचौघांत आडवी पाहिलेली नाही.

दुसऱ्या पलंगावर प्रात्यक्षिक होतं. कुठल्याही उंचीचा माणूस चालेल, असं जावईबापू जाहीर करत होते, आणि शोधक नजरेनं पाहता पाहता त्यांची नजर अर्थातच सगळ्यांच्या डोक्यांवर दिसणाऱ्या डोक्यावर गेली. उंच मुलगी हसत पुढे आली. झोपली. तिच्या टाचा गादीच्या बाहेर आल्या.

जावईबापूंनी बटण दाबलं. पलंगानं माप घेतलं. कुठेतरी मंजूळ घंटी वाजली, आणि पलंग पायाकडून वर उठू लागला. त्याला टाचा आत घ्यायच्या होत्या. टाचा आत येईनात. पलंग आणखी उठला. मुलीचे गुडघे वर आले, मग छातीशी आले, मग हनुवटीला लागले, आणि ती घडी घातलेल्या छत्रीसारखी झाली तेव्हा घंटी पुन्हा वाजली. आता ती मापात होती. लोक हसले. ती पण हसायला गेली, पण हसायला जागा नव्हती. जावईबापू घाईघाईनं बटणं दाबत होते. कारखान्यातला तंत्रज्ञ शांतपणे त्यांना सांगत होता, की यंत्रात दोष नाही साहेब, यंत्र बरोबर आहे. मुलगी लांब आहे.

त्याच वेळी शेजारच्या पलंगावरून बाई बोलायला लागली. माईक तिच्या हातात होता, पण तिला त्याची गरज नसते.

ती म्हणाली की एक माणूस होता, रस्त्याच्या कडेला राहायचा, आणि पाहुण्यांचं त्याला फार प्रेम होतं. तिनं त्याचा आग्रह सांगितला, जेवण सांगितलं, पाहुण्याचे दुखणारे पाय सांगितले, आणि त्या पायांना गादी लागली तेव्हा किती बरं वाटलं, तेही सांगितलं. हे शेवटचं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बहुधा आडवं झाल्यावर सुचलं असावं. लोक माना डोलावत होते. सल्लागारांनी जावईबापूंना अंगठा दाखवला, हाताचा. मग बाई म्हणाली, की यजमान दिवा घेऊन आला आणि त्यानं बघितलं, की पाहुण्याच्या टाचा बाहेर आल्यात.

सगळ्यांनी उंच मुलीच्या टाचांकडे पाहिलं. त्या छताकडे होत्या.

"मग त्यानं कुऱ्हाड आणली," बाई म्हणाली. "आणि रक्त आलं. पुष्कळ."

तिनं पुढे काही रंगवलं नाही. रंगवायची गरज पडली नाही. मी खांबाशी उभा होतो म्हणून मला दिसलं: त्या दालनात गाद्यांच्या कडांवर बसलेल्या सगळ्या माणसांनी, न ठरवता, आपापले पाय वर उचलून घेतले. दंतवैद्यांनी घेतले. प्राचार्यांनी तर मांडीच घातली. सल्लागार बूट घालून होते, तरी त्यांनीही घेतले. कुणी हसलं नाही.

मालक बाईच्या पलंगाच्या पायथ्याशी बसले होते. त्यांचे पाय जमिनीला पोचतच नव्हते, त्यामुळे त्यांना उचलायची गरज नव्हती. ते थोडा वेळ स्वतःच्या लोंबत्या पायांकडे बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, की बाई, आणि बुटक्यांचं काय करायचा म्हणालात? त्या दिवशी सांगितलं होतंत, पण मी तेव्हा आडवा होतो.

"ठोकून लांब करायचा. हातोड्यानं."

मालक गादीवरून खाली उतरले. उतरताना त्यांना उडी मारावी लागली. त्यांनी आधी तंत्रज्ञाला सांगून भिंतीतली वायर उपटायला लावली आणि उंच मुलीला सोडवलं. मग हात पुढे करून बाईला उठवलं, आणि म्हणाले की हे नाव राहणार नाही. लहानपणापासून मला सगळ्यांनी लांब करायचा प्रयत्न केलाय, मी हे नाव माझ्या पलंगावर लिहू देणार नाही. विभागाचं काय, असं मला विचारायचं होतं. पण ते बाईनंही विचारलं नाही. मालकच म्हणाले, की वडिलांच्या काळापासून मी पलंगावरची माणसं बघतोय, पलंगावर इतकी जागी माणसं मी आज पहिल्यांदा पाहिली. एक वर्ष विभाग चालेल. शब्द दिला होता, आणि तुम्ही जे बोललात ते चांगलंच होतं.

प्राचार्यांनी मांडीवरूनच टाळ्या वाजवल्या.

उंच मुलगी गुडघे चोळत होती. ती बाईला म्हणाली, पलंग चांगला आहे, फक्त दोघांनी एकमेकांना समजून घेतलं नाही. बाईला हसू आलं नाही. बाईनं तिच्या पायांकडे बघून घेतलं, दोन्ही आहेत ना, आणि चपला शोधायला लागली.

विभाग राहिला. दारावर कंपनीची पाटी आली; तिच्यावर 'अभिजात भाषा' हे शब्द लहान आणि उशीचं चित्र मोठं आहे. वर्गात मालकांनी प्रेमानं एक पलंग पाठवला. झोपायला येणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी आता पूर्ण भरते. दंतवैद्य म्हणतात, खुर्चीपेक्षा बरं. मनःशांती कक्ष प्राचार्यांनी एक वर्ष पुढे ढकललाय. बाईचा वैताग मात्र पहिल्यासारखाच आहे, आणि त्याची मला काळजी वाटत नाही. तो तिच्या प्रकृतीला मानवतो. लेकीनं दोन आठवडे फोनवर फक्त माझ्याशी बोलून नंतर राग सोडून दिला.

मग एका रविवारी जावईबापू पुन्हा आले. आनंदाची बातमी होती. म्हणाले, सासूबाई, तुमच्यामुळेच सुचलं. पलंगवाल्याचं नाव गेलं ते चांगलं झालं. तुमच्या गोष्टीत शेवटी तो तरुण वीर येतो ना, जो पलंगवाल्याला धडा शिकवतो? त्याचंच नाव देतोय. शूर, देखणा, वाटसरूंचा कैवारी. आता यात तर काही नाही ना?

मी कपाकडे बघत होतो.

"पलंग एकट्याचा आहे, की दुहेरी?" बाईनं विचारलं.

दुहेरी, जावईबापू म्हणाले. खास नव्या जोडप्यांसाठी.

या वीराची पुढची गोष्ट मला ठाऊक आहे. या घरात राहून ती ठाऊक नसणं शक्य नाही. त्याच्यावर एका राजकन्येचा जीव जडला. तिनं बापाशी वैर घेऊन त्याला मरणातून सोडवलं आणि त्याच्याबरोबर पळून गेली. वाटेत एका बेटावर मुक्काम पडला. ती झोपली. सकाळी तिला जाग आली तेव्हा तो जहाज घेऊन निघून गेला होता.

कप बशीत ठेवला गेला. आवाज झाला नाही.

"छान नाव आहे," बाई म्हणाली. "उद्घाटन कधी?"

पुढच्या उन्हाळ्यात, जावईबापूंनी सांगितलं. बाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं एकेक करून उलटली आणि उंच मुलीच्या शेवटच्या पेपराच्या तारखेवर बोट ठेवलं. मग ते बोट खाली सरकवत नेलं, उन्हाळ्यापर्यंत.

"या तारखेनंतर ठेवा," ती म्हणाली. "मी येईन. गोष्ट सांगायला."

जावईबापू खूश झाले. म्हणाले, यावेळी स्टूल नक्की ठेवतो.

"नको," बाई म्हणाली. "ही गोष्ट आडवं होऊनच सांगायची आहे."